गार लागलेला गुडघा

चांगुणामावशी,

तुमचे दोन्ही गुडघे सध्या माझ्याकडे आहेत.

महेश घेऊन आला. अस्थी सावडून झाल्यावर तो दिवाळे गावात घरी न जाता सरळ शिरवण्याला माझ्या खोलीवर आला आणि सुतक आहे म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. हातात कापडी पिशवी. म्हणाला, "ताई, हे अस्थीत धरत नाय म्हनतात. खाडीत पन सोडायचा नाय म्हनतात. मंग मी करू काय याचा? आईचाच हाय ना?" पिशवीत काळपट पडलेले धातूचे तुकडे होते. मांडीच्या हाडावर टोपीसारख्या बसवतात त्या दोन वाट्या, आणि नडगीच्या हाडात रुततात ते दोन चपटे पाट. दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकची चकती असते, ती जळून गेली होती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघेबदलाचं ऑपरेशन समजावून सांगायला माझ्या बॅगेत याच आकाराचा नमुना कायम असतो. कितीतरी बायांच्या हातात मी तो दिला आहे. पण ओळखीच्या माणसाच्या आतला धातू मी पहिल्यांदाच हातात घेतला. तुम्ही दर वेळी विचारायचात, "किती वर्सं टिकंल गो?" आणि मी डॉक्टरांचं उत्तर सांगायचे, बहुतेकांचा पंधरा-वीस वर्षं टिकतो, नीट वापरला तर जास्तही. तुमच्या ऑपरेशनला अजून दहा वर्षं झाली नव्हती. धातूला साधा ओरखडाही दिसत नव्हता. महेशला मी एवढंच म्हटलं, "ठेव माझ्याकडे." तो गेल्यावर पिशवी कपाटात ठेवली.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले तेव्हा नुकतीच पास झाले होते. कॉलेज पाहिलेली आमच्या घरातली मी पहिलीच. वडील वाशीच्या बाजारात माथाडी, आई आणि आम्ही भावंडं माण तालुक्यात. शाळा गावची, पुढचं सगळं शिक्षण वसतिगृहात राहून. नवी मुंबईत मला ना घर ना ओळख. दवाखान्याने घरोघरी जाऊन व्यायाम घ्यायचं काम दिलं आणि पहिलंच नाव तुमचं निघालं. तुम्ही खाटेवर दोन्ही पाय लांब करून बसला होता. मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि सुनेला म्हणालात, "कविता, ही पोर माजा पाय वाकवनार? हिचा हात तं बोंबलासारखा हाय."

मी म्हटलं, "मावशी, पाय वाकवा."

"तुज्या बापाला सांग वाकवायला," तुम्ही हसून म्हणालात.

"माझे वडील बाजारात गोणी उचलतात. त्यांना वेळ नाही."

तुमचं हसू थांबलं. "माथाडी हाय बाप?" म्हणालात. "मंग ये. बस हितं. वाकव किती वाकवायचाय तो."

त्या दिवसापासून तुम्ही दुखण्याने ओरडलात, शिव्या दिल्यात, पण पाय मागे घेतला नाहीत. तुमच्या बोलीतल्या त्या शिव्या मला कळायच्या नाहीत. कविता दाराआड हसायची आणि अर्थ विचारला की म्हणायची, "जाऊ द्या ताई, तुमी शिकलेल्या हाव." व्यायाम संपला की मला जेवल्याशिवाय जाऊ देत नव्हता. खाडीतल्या निवट्यांचं कालवण मी तुमच्याच घरी पहिल्यांदा खाल्लं. आमच्याकडे समुद्राची ओळख सुकटीपुरती. मी काटे काढताना चाचपडत होते आणि तुम्ही म्हणालात, "ही सातारकरीन आमच्या माशाला ऑपरेशन करतेय बग."

वडिलांना घेऊन ये, म्हणून तुम्ही मागेच लागलात. त्यांचे गुडघे गोण्यांनी केव्हाच गेले होते, पण डॉक्टरांचं नाव काढलं की ते उठून जायचे. तुमच्या सांगण्यावरून आले. दारात पायातली चप्पल काढून खाली बसू लागले, तर तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत. "दादा, वर बसा. खाली बसून बसूनच तं ही गत झायली आपली." आणि मग त्यांना म्हणालात, "तुमची लेक रोज माजा पाय मोडते. लय चांगली मोडते." वडिलांनी ऑपरेशन शेवटपर्यंत केलं नाही, आता गावी काठी घेऊन चालतात. पण या शहरात त्यांना कोणी खुर्ची पुढे केल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तुमच्याशी पुढे मी कितीही भांडले तरी ती खुर्ची मध्ये यायची.

दवाखान्यात आम्ही ऑपरेशनचं यश अंशांत मोजतो. गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो. दुखणं दहापैकी किती, तेही विचारतो. तुम्हाला हा प्रश्न कधीच पटला नाही. "दहाच का? तो दहा कोनी ठरवला?" तुमचं माप वेगळं होतं. होडी धक्क्याला लागली की लिलावाच्या घोळक्यात आपल्या पायांवर उभं राहायचं आणि दुसरीच्या आधी बोली लावायची. ते तुम्ही तीन महिन्यांत साधलंत. जमिनीवर मांडी घालून कोयत्यावर मासे कापायला डॉक्टरांनी मनाई केली, तर महेशकडून बाजारातल्या जागेवर उंच ओटा बांधून घेतलात. शेजारच्या बाया चिडवायच्या, "चांगुनाबाय काउंटरवाली झायली! टोकन घ्याचा काय गो?" तुम्ही ओट्यामागून म्हणायचात, "लायनीत उभ्या ऱ्हावा."

मग त्याच बाया गुडघा पाहायला येऊ लागल्या. ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी दिवाळ्यातली, आजूबाजूच्या गावांतली प्रत्येक बाई एकदा तुमच्याकडे यायची. तुम्ही लुगडं वर करून व्रण दाखवायचात, गुडघा वाकवायचात, जिना चढून उतरून दाखवायचात. मला म्हणालात, "लग्नात मना बगायला कोनी आयला नवता. आता या वयात गुडघ्याला बगायला येतात. पोहे तेवढे करायचे ऱ्हायले." खोटं काही सांगत नव्हता. एकीच्या एक्स-रेत सगळं उत्तम होतं आणि तरी ती नाखूश होती. असं काहींचं होतं आणि आमच्याकडेही त्याला नेहमी उत्तर नसतं. तिचं उदाहरण तुम्ही आपणहून द्यायचात. "गुडघा नवा मिलंल. कंबर तीच, नवरा तोच, जिना पन तोच."

डॉक्टर सांगायचे, मी सांगायचे, पण त्या बायांनी होकार दिला तो तुमच्या चालण्याकडे बघून. तुम्ही चालताय म्हणजे गुडघा टिकतोय. सगळ्या गावाचा भरवसा तुमच्या दोन पायांवर उभा राहिला आणि त्याचं ओझं तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी आधी जाणवलं असणार.

आपलं भांडण व्हायचं ते वर्षाच्या तपासणीवरून. वर्षातून एकदा एक्स-रे काढून घ्या, म्हणून मी डोकं फोडायचे. मधलं प्लास्टिक हळूहळू झिजतं, कळत नाही. हाड सुटत जातं, तेही कळत नाही. तुमचं उत्तर ठरलेलं. "इंजिन चालू आसताना कोन खोलतं गो? बंद पडंल तवा बगू." झिजण्यापेक्षा मला दुसरी भीती जास्त होती आणि ती मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगितली होती. दात किडला, लघवीला जळजळ झाली, हातापायाला पू झाला, तर तिथले जंतू रक्तातून धातूपर्यंत पोचू शकतात. धातूत रक्त नाही. शरीराची राखण तिथपर्यंत जात नाही. जंतू एकदा तिथे बसले की उठत नाहीत. लगेच कळलं तर गुडघा उघडून, धुऊन वाचवता येतो. उशीर झाला तर धातू काढावा लागतो, आणि त्याहून उशीर झाला तर माणूस जातो.

म्हणून तुम्हाला हाताची खूण शिकवली होती. हाताची पालथी बाजू आधी एका गुडघ्यावर ठेवायची, मग दुसऱ्यावर. दोन्ही सारखे लागले पाहिजेत. एक जास्त गरम लागला तर त्याच दिवशी मला फोन. तुम्हाला ते आवडलं होतं. माशाचे कल्ले उचलून बघतात तशा ऐटीत तुम्ही हात ठेवून बघायचात आणि जाहीर करायचात, "ताजा हाय!"

सुगंधामावशींचं मात्र काही केल्या जमत नव्हतं. तुमची धाकटी बहीण, तुमच्यापासून दोन घरं सोडून राहणारी, बाजारात तुमच्याच शेजारी बसणारी. तिचे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट. जिना उतरताना बसत बसत उतरायची. आणि ऑपरेशन म्हटलं की, "आंगात लोखंड घालून मी मरनार नाय." तुम्ही तिला किती वर्षं बोलत होता. शेवटी या थंडीत ती कबूल झाली, तीही माझ्यासमोर. "ताय, तुजा आजून चालतोय ना?" तुम्ही म्हणालात, "पलतोय." ती म्हणाली, "मंग घालते. पन तुज्या पायाकडे बगून घालते, ध्यानात ठेव." शिमग्यानंतरची तारीख ठरली.

त्या तारखेच्या आधीचे आठवडे आता मी रोज आठवते. तुमच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. विचारलं तर म्हणालात, शिंगाळा माशाचा काटा लागला. तुम्ही रीतीप्रमाणे बोट चुलीच्या धगीला धरलं होतं, हळद दाबली होती आणि पुन्हा मासे कापायला बसला होता. बोट काळं-निळं सुजलं होतं. मी म्हटलं, "मावशी, ही जखम आहे. हिला औषध हवं." तुम्ही हसलात. "काटा लागला म्हंजे जखम? मंग आमी कोली जलमापास्नं जखमीच." कोळणीच्या बोटाला काटा लागणं म्हणजे लिहिणाऱ्याच्या बोटाला शाई लागणं. पुढे दवाखान्यात तुम्हाला विचारलं, गेल्या महिन्यात कुठे जखम झाली होती का, तेव्हाही तुम्ही नाही म्हणालात. खरं वाटत होतं म्हणूनच म्हणालात. जंतू त्या बोटातूनच गेले का, हे डॉक्टरांनाही खात्रीने सांगता आलं नाही. बहुधा, म्हणाले.

मग तुम्ही लिलावाला जायचं बंद केलंत, कविताला पाठवू लागलात. मला म्हणालात, थंडी वाजते. फाल्गुन चालू होता. आमच्या शिरवण्यात लोक गच्चीवर झोपायला लागले होते. तुम्ही ओट्यामागे खांद्यावर शाल घेऊन बसला होता आणि डावा पाय स्टुलावर लांब केलेला होता. गिऱ्हाईक वाकून मासे बघत होतं आणि तुम्ही भाव सांगायला विसरलात. तुम्ही! सोसायटीतल्या बायकांना एक रुपया सोडत नव्हता त्या तुम्ही.

मी तिथेच हात ठेवून पाहिला. उजवा नेहमीसारखा. डावा गार. इतका गार की मी हात उचलून पुन्हा ठेवला.

"डावा इतका गार कसा हो?"

"आत्ताच पेटी उपसली. बर्फाचा पानी सांडला लुगड्यावर." लुगडं खरंच तिथे ओलं होतं. आणि लगेच, "सुगंधाची तारीख पक्की ना? डॉक्टर सुट्टीवर बिट्टीवर जायाचा नाय ना?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा गार. पुन्हा नुकतीच पेटी उपसलेली. गरम गुडघ्याने मी दचकले असते. आमच्या पुस्तकांत सगळा इशारा उष्णतेचा आहे, गार गुडघ्याबद्दल त्यांत एक ओळ नाही. बर्फाच्या पेटीशेजारी जन्म काढलेल्या बाईचा गुडघा गार लागला, यात मला काय वावगं दिसणार होतं? मी उलट बरं वाटून घेतलं.

सुगंधामावशींचं ऑपरेशन छान झालं. त्या घरी आल्या, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कविताचा फोन आला. "ताई, आईंना हुडहुडी भरलेय. दात वाजतात. पन दवाखान्याचा नाव काडू देत नाय." मी होते तशी निघाले. दुपार होती. तुम्ही आतल्या खोलीत पडला होता, डोळे मिटलेले. गुडघ्याभोवती लुगड्याची जुनी पट्टी बांधलेली आणि तिच्या आत मासे देतो ती प्लास्टिकची पिशवी, बारीक फोडलेल्या बर्फाने भरलेली. तुम्ही जाग्या व्हायच्या आत मी गाठ सोडली. कातडी लाल, ताणलेली, चकाकणारी. हात ठेवला तेव्हा आधी गार लागला. मग खालून धग वर येऊ लागली. हळूहळू. माझ्या हाताखालीच आली.

"मावशी, हे काय आहे?"

तुम्ही डोळे उघडलेत. "बर्फ हाय. कोलनीच्या घरात बर्फ नाय तं काय सोना आसंल?"

"कधीपासून बांधताय?"

"नको इचारू."

"कधीपासून?"

"तू यायच्या आदी बांधायची. सोडायची. तुज्या हाताला लागू नये म्हनून." मग जरा थांबून म्हणालात, "मी आदी झोपले आसते तं सुगंधा गेली आसती का? सांग तूच. म्हनली आसती, बग, तायचा सडला, माजा कशाला कापू. जलमभर ढुंगनावर जिना उतरली आसती."

"तुम्हाला काही झालं असतं तर?"

"झायला काय? तिचा झायला ना पार? आता ने मना कुठं न्यायचा तिथं."

एवढं सगळं तुम्ही एका दमात, समाधानाने बोललात. मी रडत होते आणि तुम्ही कविताला सांगत होता, "हिला पानी दे."

दवाखान्यात आत नेण्याआधी तुम्ही माझं मनगट धरलंत. हात भट्टीसारखा तापला होता. "सुगंधाला सांगू नको. ताप आला म्हनायचा. तिचा पाय आदी वाकला पायजे. आता घाबरली तं आखडून बसंल आनि मंग तो कदी वाकनार नाय. तूच सांगतंस ना, पयले महिने महत्त्वाचे?"

"मावशी, तिला कळलंच पाहिजे. तिलाही उद्या असं झालं तर? ती पण लपवेल."

"बस झायला तुजा. शिकलेली हायस म्हनून सगला बोलायचाच आसतो काय?"

मी उत्तर देणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वॉर्डबॉयने स्ट्रेचर वळवलं आणि दार बंद झालं. आपलं शेवटचं भांडण तिथेच अर्धं राहिलं, मावशी. उत्तर अजून माझ्या तोंडात आहे.

डॉक्टरांनी गुडघा उघडून धुतला, मधली चकती बदलली. बाहेर येऊन म्हणाले, धातू हाडाला घट्ट आहे, जुनं प्लास्टिकही जेमतेम झिजलेलं, आणखी कितीतरी वर्षं गेली असती. ते हे हळहळून सांगत होते. आतलं सगळं शाबूत होतं आणि जंतू रक्तात पसरले होते. त्यानंतर तुम्ही शुद्धीवर आलाच नाहीत.

तुम्ही गेल्यावर घरात सगळे म्हणाले, ताप डोक्यात गेला. मीही मान डोलावली. सुगंधामावशी वॉकर धरून तुमच्या दारापर्यंत आल्या, त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. त्यांच्या रडण्यात एकच वाक्य होतं, "मना पाय देऊन गेली." ते त्या कशा अर्थाने म्हणत होत्या कोण जाणे, पण ते मला ऐकवेना. दिवस-कार्य झालं. मी त्यांच्याकडे व्यायामाला जात राहिले. पाय चांगला वाकत होता. तुम्ही म्हणाला होता तसंच. घरी येऊन मी तुमच्यावर चिडायचे आणि मग चिडले म्हणून मलाच लाज वाटायची. जिने माझ्या बापाला खुर्ची दिली, तिच्यावर आवाज कसा चढवायचा? तुमचं ऐकायचं ठरवलं होतं मी. दोन महिने होईपर्यंत गप्प बसायचं, पाय पुरता वाकला की सांगायचं.

हे पत्र मी गेल्या आठवड्यात लिहायला घेतलं तेव्हा इथपर्यंतच होतं. पुढचं आज सकाळचं आहे.

आज सुगंधामावशींकडे गेले. त्या खाटेवर बसल्या होत्या, लुगडं नीट पायावर ओढून. नेहमीसारखा हात ठेवला.

गार.

मावशी, महिन्याभरापूर्वी कापलेला गुडघा असा गार नसतो. तो थोडा गरम असतोच, चांगला भरत असला तरी. व्यायामानंतर थोडा वेळ बर्फ ठेवा, असं मीच त्यांना सांगितलं होतं. पण व्यायाम अजून झाला नव्हता. खाटेखाली पाणी ओघळलं होतं.

"बर्फ ठेवला होता?"

"हां. तूच सांगतंस ना."

"आधी का ठेवलात?"

त्या खिडकीकडे बघू लागल्या. मी हात काढला नाही. म्हटलं, मी बसते. गारवा उतरेपर्यंत बसते. त्या म्हणाल्या, तुला दुसऱ्या घरी जायचं आसंल. मी म्हटलं, नाही जायचं. आम्ही दोघी तशाच बसलो. बाहेर कोणीतरी जाळं झटकत होतं. गारवा उतरायला किती वेळ लागतो ते मला आता माहीत झालं आहे. तेवढ्या वेळात मी त्यांना सगळं सांगितलं. काटा, शाल, ओलं लुगडं, पट्टीच्या आतली पिशवी. तुम्ही का लपवलंत तेही. तुम्ही काय सांगू नको म्हणालात तेही.

माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "तायनीच सांगल्ता मना. मी घरी आले त्या दिवशी फोन केल्ता. म्हनली, गरम लागला तं बर्फ ठेव. त्या पोरीला कलू देऊ नको, ती घाबरते आनि मंग सगल्या गावाला घाबरवते."

म्हणजे तुम्ही हेही करून ठेवलं होतंत. तापाने फणफणत असताना बहिणीला धीर म्हणून तुमचा उपाय देऊन गेलात. मला तुमचा इतका राग आला, मावशी, की तुम्ही समोर असता तर मी खरंच आवाज चढवला असता. खुर्ची आठवली असती तरी.

माझ्या हाताखाली धग वर येत होती. ती बऱ्या होणाऱ्या गुडघ्याची असेल किंवा दुसरीही. हाताला दोन्ही सारख्याच लागतात.

"थंडी वाजते का? संध्याकाळची?"

"वाजते," त्या म्हणाल्या. "काल वाजली. परवा पन." मग माझ्याकडे वळल्या. चेहरा अगदी तुमच्यासारखा झाला होता. "ताय माज्यासाटी लपवत होती. मी कोनासाटी लपवतेय गो?"

माझा हात अजून त्यांच्या गुडघ्यावरच होता.

"बगत काय बसलीस? रिक्शा बोलव."

रिक्षात त्यांनी माझा हात स्वतःच्या गुडघ्यावर दाबून धरला होता, दिवाळ्यापासून दवाखान्यापर्यंत. आता त्या आत आहेत. रक्त घेतलं आहे, गुडघ्यातलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं आहे. डॉक्टर म्हणाले, संसर्ग असेलच तर लवकर आणलंत, अजून वाचवता येईल. नसेलही, म्हणाले. मी बाहेर बाकावर बसून हे पुरं करते आहे. कविता निघाली आहे, महेशला फोन केला आहे आणि या वेळी कोणालाही ताप आला असं सांगितलेलं नाही.

तुम्ही नको म्हणालात तेच मी केलं. जेवढं मला ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. तुमच्या बहिणीने ते ऐकलं आणि ती घाबरली, खूप घाबरली, आणि घाबरूनच आपल्या पायाने चालत रिक्षापर्यंत आली. माझं अर्धं राहिलेलं उत्तर ते हेच होतं, मावशी. रागावायचं असेल तर रागवा.

आत त्यांचं नाव पुकारलं. मी जाते.